मुक्त शैक्षणिक साहित्य

मुक्त शैक्षणिक साहित्य : जी पाठ्यसामग्री कोणालाही विनामूल्य मिळते आणि जी जवळ ठेवण्याची, वापरण्याची, बदलण्याची, दुसऱ्या साहित्यात मिसळण्याची व पुन्हा वाटण्याची परवानगी हक्कधारकाने आधीच देऊन ठेवलेली असते, अशी सामग्री. हक्काची मुदत संपलेले साहित्यही यात येते. पाठ्यपुस्तक, व्याख्यानाची चित्रफीत, प्रश्नसंच, प्रयोगाची कृती, नकाशा, अख्खा अभ्यासक्रम असे काहीही या वर्गात बसू शकते. वर सांगितलेल्या पाच मोकळिकी अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांच्या मांडणीतून रूढ झाल्या.

मराठीत ‘मुक्त’ या शब्दामुळे एक घोळ होतो. ‘मुक्त विद्यापीठ’ म्हणताना आपल्याला प्रवेशाची मोकळीक अभिप्रेत असते, तर ‘मुक्त साहित्य’ म्हणताना हक्कांची. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमातून पदवीपर्यंत नेणारी वाट या विद्यापीठाने घातली आणि नोकरदार, गृहिणी, पोलीस शिपाई, शेतकरी रविवारच्या संपर्कसत्रांना बसू लागले. दार उघडे होते, ही मोठीच गोष्ट. पण त्या काळी ‘मुक्त’मध्ये पुस्तकाचे हक्क मोजायची पद्धत रुळलेली नव्हती. उलट, एखादे साहित्य हक्कांच्या दृष्टीने पूर्ण मुक्त असते आणि ते ज्या वर्गात शिकवले जाते त्याची फी लाखांत असते, असेही घडते. तिसरा शब्द ‘फुकट’. तो या दोन्हींपेक्षा वेगळा आहे आणि सरकारी घोषणांत बहुधा त्यालाच ‘मुक्त’ म्हणतात.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांची टिपणे आंतरजालावर खुली करण्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या पॅरिसमधील बैठकीत या प्रकाराला आजचे नाव मिळाले. २०१२ चा पॅरिस जाहीरनामा आणि २५ नोव्हेंबर २०१९ रोजी सदस्य देशांनी संमत केलेली युनेस्कोची शिफारस हे त्यापुढचे टप्पे. सार्वजनिक पैशातून तयार होणारे साहित्य जनतेला मोकळे असावे, हा या सगळ्यामागचा युक्तिवाद. भारतात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा एनपीटीईएल हा व्याख्यानप्रकल्प २००३ च्या सुमारास उभा राहिला. शालेय साहित्याचे राष्ट्रीय भांडार (एनआरओईआर) ऑगस्ट २०१३ मध्ये, शिक्षक व विद्यार्थ्यांसाठीचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रमांसाठीचे ‘स्वयम्’ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले.

पुण्यात मात्र हे नाव रुळण्याआधीच ही गोष्ट घडत होती. आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि तिथले अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे, रिकाम्या रिफिली, झाडूच्या हिराची काडी यांपासून करायच्या खेळण्यांच्या कृती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके कोणीही उतरवून घ्यावीत अशी ठेवलेली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाला परवाना वगैरे शब्द ऐकायची गरज पडली नाही. त्याने पाहिले, वर्गात केले, आपल्या गावात मिळणाऱ्या वस्तू घालून बदलले.

परवाना : हक्कांची मोकळीक कायद्याच्या भाषेत बांधण्याचे काम प्रामुख्याने क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे परवाने करतात. पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले, चौथी आवृत्ती २०१३ मध्ये. अटी चारच आहेत : मूळ कर्त्याला श्रेय द्या, बदललेली कृती त्याच अटींवर वाटा, व्यापारी वापर करू नका, आणि फेरफार करू नका. यांच्या जोडणीतून सहा परवाने होतात. ‘फेरफार नको’ ही अट असलेले साहित्य मुक्त शैक्षणिक साहित्यात धरले जात नाही. मराठीच्या दृष्टीने याचे कारण समजायला सोपे आहे : भाषांतर हाही फेरफारच. ती अट लावलेला इंग्रजी धडा वाचता येईल, वाटता येईल, पण त्याचा मराठी अनुवाद वाटता येणार नाही.

‘व्यापारी वापर नको’ ही अट साधीभोळी वाटते, पण व्यवहारात तीच जास्त नडते. फी घेणारी खासगी शाळा व्यापारी समजायची का? गल्लीतला क्लास? पानामागे पैसे घेणारा झेरॉक्सवाला? शेवटच्या प्रश्नावर अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने २०१८ मध्ये उत्तर दिले : शाळेच्या सांगण्यावरून प्रती काढून देणाऱ्या दुकानाने परवाना मोडलेला नाही. भारतात दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स-दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्रकाशकांविरुद्ध निकाल दिला, तोही मुक्त परवान्याच्या आधारे नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षक व विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींना सूट आहे, तिचा आधार घेतला गेला. म्हणजे वर्गापुरती मोकळीक कायद्यातच आहे. मुक्त परवाना लागतो तो वर्गाच्या बाहेर पडताना : तोच बदललेला धडा दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षकाला द्यायचा असतो तेव्हा.

बालभारतीचे कुठलेही अलीकडचे पाठ्यपुस्तक हातात घेतले की हा पेच एकाच ठिकाणी दिसतो. पुस्तकात क्यूआर कोड छापलेला असतो. मोबाइलने तो टिपला की ‘दीक्षा’वर त्या पाठाचे साहित्य उघडते, आणि त्यातल्या पुष्कळ साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो. त्याच पुस्तकाच्या मुद्रणपृष्ठावर सर्व हक्क मंडळाकडे असल्याचे आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नसल्याचे छापलेले असते. पुस्तकाची पीडीएफ मंडळाच्या संकेतस्थळावरून कोणीही फुकट उतरवून घेतो. मेळघाटातल्या शिक्षकाने त्यातल्या पाठात कोरकू शब्द घालून तो छापून वाटायचा म्हटला, तर मात्र हे ‘लेखी परवानगी’ वाक्य आडवे येते. फुकट आणि मुक्त यांतले अंतर ते हेच. मंडळाची बाजूही पोकळ नाही. हक्क सोडले तर मार्गदर्शके छापणारे खासगी प्रकाशक तोच मजकूर रंगवून विकतील, ही भीती खरी आहे. ‘त्याच अटींवर वाटा’ ही अट तिच्यावर बऱ्यापैकी उतारा ठरली असती. विकत घेणाऱ्याला ते मार्गदर्शकही पुढे वाटता आले असते. पण पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत ही वाट आपल्याकडे फारशी चोखाळलेली दिसत नाही.

अक्षरांची अडचण : परवाना उदार असला तरी फाइल उघडत नसेल तर साहित्य बंदच. मराठी डीटीपीचा मोठा काळ श्री-लिपी, आकृती आणि तत्सम जुन्या फॉण्टांत गेला. या फॉण्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. कागदावर पान देखणे उमटते, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी चिन्हांचा कचरा असतो. अशा फाइलीतला उतारा चिकटवून पाहा : चिन्हांची खिचडी हाती येते. शोध चालत नाही, यांत्रिक अनुवाद चालत नाही, आणि अंध विद्यार्थ्याचे वाचनसॉफ्टवेअर ती खिचडी तशीच बडबडते. अंध वाचकांसाठी पुस्तके सुगम रूपात आणू देणाऱ्या माराकेश कराराला सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश भारत होता, आणि कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने तशी सूट आलेली होती. हक्क मिळाला, पण त्याने फॉण्ट बदलत नाही. शेवटी कोणीतरी बसून मजकूर पुन्हा टंकित करावा लागतो.

प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या युनिकोडने हा प्रश्न बराच सोडवला, संपवला नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ घ्या. तो दोन प्रकारे टंकता येतो : एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’, त्यापुढे हलन्त आणि ‘य’, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, एक न दिसणारे जोडचिन्ह आणि मग ‘य’. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. शोधयंत्रणा घडवणाऱ्याने आधीच सोय केली नसेल, तर एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपात लिहिलेला धडा सापडणार नाही. मराठीत साहित्यच नाही, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा यातले थोडे असे हरवलेलेही असते.

बदलता येईल अशी घडण कशी असते, याचा चांगला नमुना म्हणजे आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प. खुली सॉफ्टवेअरे शिकवणाऱ्या, साधारण १० मिनिटांच्या या चित्रफिती. प्रत्येकीसोबत संहिता असते : एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात त्या क्षणाचे निवेदन. चित्र तेच ठेवायचे, फक्त आवाज बदलायचा. त्यामुळे मराठी निवेदकाला स्टुडिओ लागत नाही, कॅमेरा लागत नाही. निवेदनाचा रकाना मराठी करून वेळेत बसेल असा वाचला की काम झाले. हीच फीत नुसती यूट्यूबवर टाकली असती आणि संहिता कपाटात राहिली असती, तर परवाना कितीही खुला असून उपयोग नव्हता.

श्रेयांक आणि शिक्का : उच्च शिक्षणात धोरणाचा भर साहित्यापेक्षा मान्यतेवर आहे. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत दिली, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर नेली. अभ्यासक्रम पाहायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून परीक्षाकेंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. शिकणे फुकट, शिक्का विकत, असे कोणी म्हणेल, पण देखरेखीखालच्या परीक्षेला खर्च असतो आणि तिच्याशिवाय मालक लोक त्या प्रमाणपत्राला विचारत नाहीत. अधिक अवघड गोष्ट भाषेची. महाविद्यालयीन पातळीवरचे बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून बी.ए. करणाऱ्या मुलीला ४० टक्के मुभेचा उपयोग तिच्या विषयाचे मराठीत काय उपलब्ध आहे, यावर ठरतो.

पोहोच : राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीत ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के आणि शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली. संगणक ग्रामीण भागात ४.४ टक्के घरांत होता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या त्या या पायावर. ग्रामीण भागातील शिक्षणाच्या ‘असर’ या पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. हा आकडा फोन घरात असल्याचा आहे. तो दिवसभर बापाच्या खिशात रानात किंवा कामावर असतो, आणि संध्याकाळी तीन भावंडांत एक फोन व उरलेला दीड जीबीतला डेटा वाटायचा असतो, हे आकड्यात येत नाही. म्हणून त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका तंत्रज्ञान म्हणून जुनाट असली तरी निर्णय म्हणून शहाणी होती. दूरचित्रवाणीला डेटा लागत नाही. मात्र प्रक्षेपण नुसते पाहायचे असते, त्यात शिक्षकाला ढवळाढवळ करता येत नाही. पोहोच वाढली की बदलण्याची मोकळीक बहुधा घटते. दोन्ही साधण्याचा प्रयत्न ‘कोलिब्री’सारखी खुली सॉफ्टवेअरे करतात : शाळेतल्या एका छोट्या संगणकावर साहित्य साठवायचे आणि इंटरनेटशिवाय, वर्गातल्या वायफायवरून मुलांना द्यायचे.

मुलांची माहिती : फुकटची किंमत पुष्कळदा माहितीच्या रूपाने वसूल होते. महासाथीच्या काळात ४९ देशांच्या सरकारांनी पुरस्कृत केलेली शैक्षणिक अॅप व संकेतस्थळे ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने तपासली, तेव्हा दहातली जवळजवळ नऊ मुलांच्या हक्कांना बाधा आणू शकेल अशा रीतीने माहिती हाताळताना दिसली. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. त्यांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि त्यांचा माग काढणे वा त्यांना हेरून जाहिराती दाखवणे याला मनाई आहे. काही वर्गांना सूट देण्याची सोयही त्याच कायद्यात ठेवलेली आहे. मुक्त साहित्याचा इथे एक साधा फायदा आहे, ज्याची चर्चा कमी होते : जो धडा उतरवून पेन ड्राइव्हवर घेता येतो, त्याला वाचणाऱ्याचे नाव, इयत्ता, मोबाइल क्रमांक विचारावा लागत नाही. लॉगिनच्या भिंतीआड ठेवलेले साहित्य, परवाना कोणताही असो, या कसोटीवर अर्धेच मुक्त.

शेजारच्या गोव्यात २०१३ मध्ये गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला, म्हणजे त्यातला मजकूर कोंकणी विकिपीडियात नेता यावा. पण नोंदी होत्या छापील पानांवर, त्यामुळे परवान्यामागोमाग त्या अक्षर-अक्षर युनिकोडमध्ये टंकण्याचे कामही करावे लागले.