मॉरिशसचे दोन दिवस: १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर

मॉरिशसच्या मराठी लोकांचा विषय निघाला की ‘त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून नेलं होतं’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तिथे मात्र गुलामगिरी आणि करारावरची मजुरी या दोन गोष्टींसाठी दोन वेगळ्या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. त्यांची गल्लत केली, तर ज्यांनी खरोखर गुलामगिरी सोसली तेच लोक गोष्टीतून बाहेर पडतात. ते मला फार अन्यायाचं वाटतं.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी या बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. सुटलेले साठ हजारांहून जास्त लोक मुख्यतः मादागास्कर आणि मोझांबिककडून आणलेले, किंवा अशांची मुलंबाळं. इंग्रज सरकारने नुकसानभरपाई दिली ती मालकांना, वीस लाख पौंडांच्या वर! राबलेल्यांना दमडीही मिळाली नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३९ पर्यंत त्याच मालकांकडे खपावं लागलं. नैऋत्येच्या ल मॉर्न डोंगरावर पळालेले गुलाम लपून राहत. सुटकेची बातमी घेऊन शिपाई वर चढले, ते धरायलाच आलेत असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १ फेब्रुवारीचा कार्यक्रम त्याच डोंगराच्या पायथ्याशी होतो.

२ नोव्हेंबर हा गिरमिटियांचा, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचा दिवस. १८३४ साली या तारखेला ‘ॲटलस’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला आणले. म्हणजे गुलाम सुटायच्या तीन महिने आधीच उसाच्या मळ्यांसाठी पर्यायी माणसं येऊ लागली होती. पुढे मुंबई बंदरातून मराठी माणसंही गेली. गिरमिटियाला विकता येत नसे, त्याची मुलं जन्मतःच मालकाची होत नसत, करार मुदतीचा आणि पगार ठरलेला असे. मुख्य फरक हाच. तरी ती साधी नोकरी मुळीच नव्हती: एक खाडा पडला तर दोन दिवसांचा पगार कापत.

आणखी एक फरक कागदांचा. गिरमिटियांची नोंद वसाहतीच्या दप्तरात नाव, बापाचं नाव, गाव अशी होई. पुढे फोटोही काढू लागले. ते दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहे. त्यात शोधून तिथल्या मराठी कुटुंबाला आपलं मूळ गाव सापडू शकतं. गुलामांच्या कागदांत बहुधा मालकाने ठेवलेलं नावच असे, त्यामुळे त्यांच्या वंशजांना असं गाव शोधणं फार अवघड जातं.