समलिंगी लग्नाचा कायदा: तैवान झालं, थायलंड झालं, आपली गाडी कुठे अडली?

१९५४ चा विशेष विवाह कायदा आहे ना, धर्म न बघता नोंदणी करून लग्न करता येतं तो, त्याचं चौथं कलम एकदा वाचून बघा, लग्नाच्या अटी आहेत त्यात आणि वयाच्या अटीत लिहिलंय की पुरुषाचं वय २१ पूर्ण हवं आणि स्त्रीचं १८. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करता येणार नाही असं सरळ कुठेच लिहिलेलं नाही, पण सगळं प्रकरण येऊन अडतं ते या ओळीवर आणि पुढच्या नवरा-बायको या शब्दांवर.

जगात सुरुवात युरोपात झाली. डेन्मार्कनं १९८९ ला लग्न नाही पण नोंदणीकृत जोडीदारी दिली, आणि लग्न म्हणून पहिलं नेदरलँड्सनं, १ एप्रिल २००१ ला मध्यरात्री अ‍ॅमस्टरडॅमच्या महापौरांनी, योब कोहेन यांनी, स्वतः चार जोडप्यांची लग्नं लावली. आता पस्तीसच्या वर देश झालेत. अमेरिकेत २०१५ ला कोर्टानं दिलं, आयर्लंडमध्ये त्याच वर्षी लोकांनी मतदान करून दिलं.

पण आपण आशियाकडे बघू, कारण आपल्याला शिकण्यासारखं तिथे जास्त आहे. तैवानमध्ये ची चिया-वेई नावाच्या माणसानं १९८६ ला लग्नाची परवानगी मागितली, तेव्हा तिथे मार्शल लॉ होता, विचार करा! सरकार नाही म्हणालं, तो मागतच राहिला, आणि ३१ वर्षांनी, २४ मे २०१७ ला, तिथल्या घटनात्मक कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि कायदा बदलायला संसदेला दोन वर्षं दिली. मधेच २०१८ ला जनमत घेतलं गेलं, त्यात बहुसंख्य लोकांनी सांगितलं की दिवाणी कायद्यातलं लग्न स्त्री-पुरुषाचंच राहू दे. आता कोर्टाचा निकाल मोडता येत नाही आणि लोकांचं मतही डावलता येत नाही, मग सरकारनं दिवाणी कायद्याला हात न लावता वेगळाच कायदा आणला, ज्याच्या नावात लग्न हा शब्दच नाही, फक्त ‘७४८ क्रमांकाच्या निर्णयाची अंमलबजावणी’ एवढंच, म्हणजे कोर्टाच्या त्याच निकालाची. १७ मे २०१९ ला तो पास झाला तेव्हा संसदेबाहेर पावसात हजारो लोक थांबलेले होते. मला ही नावाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते, शब्दावर अडून बसले असते तर ती जोडपी अजून बाहेरच उभी असती.

थायलंडचं उलटं झालं. तिथल्या घटनात्मक कोर्टानं नोव्हेंबर २०२१ ला सांगितलं की लग्न स्त्री-पुरुषापुरतंच ठेवणारं कलम घटनेत बसतं, म्हणजे कोर्टाचा रस्ता बंद. तरी चळवळ थांबली नाही, पक्षांनी निवडणुकीत हा मुद्दा घेतला, २०२४ ला संसदेनं कायदा केला, त्या कलमात पुरुष-स्त्रीच्या जागी ‘दोन व्यक्ती’ आलं आणि २३ जानेवारी २०२५ पासून लग्नं सुरू झाली.

नेपाळमध्ये जून २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या अंतरिम आदेशावर लमजुंग जिल्ह्यात नोव्हेंबरमध्ये पहिली नोंदणी झाली. जपानमध्ये पाच हायकोर्टांनी बंदी घटनाविरोधी म्हटली, मग नोव्हेंबर २०२५ ला टोकियो हायकोर्टानं दुसऱ्या एका केसमध्ये ती घटनेला धरून आहे म्हटलं.

आता आपल्याकडचं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा प्रवास आठवा, त्या गुन्ह्यातून २००९ ला दिल्ली हायकोर्टानं सोडवलं, २०१३ ला सुप्रीम कोर्टानं परत बांधलं, ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी कायमचं सोडवलं. म्हणजे गुन्हेगार नसणं एवढंच कायमचं मिळवायला हायकोर्टाच्या निकालानंतरही नऊ वर्षं गेली. म्हणून एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टात लग्नाच्या हक्काची सुनावणी सुरू झाली तेव्हा खूप जणांनी दहाही दिवस ती लाइव्ह बघितली. १७ ऑक्टोबरला निकाल आला, पाचही न्यायाधीश म्हणाले की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा बदलणं संसदेचं काम. लग्न नाही तर निदान नात्याला कायदेशीर मान्यता तरी द्या, हे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचं मत होतं, ते ३ विरुद्ध २ नं पडलं. जानेवारी २०२५ ला पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. ऑगस्ट २०२४ ला केंद्रानं एवढं स्पष्ट केलं की जॉइंट अकाउंट काढायला आणि नॉमिनी नेमायला आडकाठी नाही.

म्हणजे आपण तैवानच्या नाही, थायलंडच्या रस्त्यावर आहोत, आणि तो रस्ता संसदेतून जातो. तिथे एक प्रयत्न आपल्या महाराष्ट्रातूनच झालाय, बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ ला खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं स्वतः आणलेलं विधेयक, मांडलं होतं, त्यात नवरा-बायकोच्या जागी जोडीदार असा शब्द सुचवला होता. ती लोकसभा संपली तसं विधेयकही संपलं, आणि तसंही १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, त्यामुळे सरकारनंच मनावर घेतल्याशिवाय हे होणं अवघड आहे.

तोवर लोक एकेका हक्कासाठी भांडतायत. मुंबई हायकोर्टात एका समलिंगी जोडप्यानं इन्कम टॅक्सवर याचिका केलीय. नवऱ्यानं बायकोला पैसे भेट दिले तर टॅक्स नाही, पण या दोघांपैकी एकानं दुसऱ्याला वर्षात ५० हजारांच्या वर दिले की ते उत्पन्न धरतात, जसं काही परक्यानंच दिलंय. कोर्टानं ऑगस्ट २०२५ ला नोटीस काढली आणि तिथेही प्रश्न एकाच शब्दाचा आहे, कायद्यातल्या ‘जोडीदार’ या शब्दात हे दोघं बसतात की नाही.