एक लेव्हल बदलली की काय काय हलते

पुलावरच्या रस्त्याची लेव्हल, म्हणजे ठरलेली उंची, 20 सेंटिमीटरने वर घेतली, तर डेक स्लॅब (रस्त्याखालची लादी), तिला पेलणारे गर्डर, गर्डरखालची बेअरिंग सगळेच वर सरकते. पाया जागेवर राहतो, म्हणून खांबांची उंची वाढते. ड्रॉइंग बोर्डच्या काळात ही साखळी इंजिनिअरच्या डोक्यात असे. एक कडी विसरली की एखाद्या पिअर कॅपवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावर, जुनीच लेव्हल राहून जाई. आता संगणकातल्या मॉडेलमध्ये खांबाची उंची आकडा म्हणून लिहीत नाहीत, वरच्या लेव्हलमधून खालची वजा करणारे सूत्र लिहितात.

या सूत्रांचे मूळ 1963 च्या स्केचपॅडमध्ये सापडते. एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी पीएच.डी.साठी केलेल्या या प्रोग्रॅममध्ये दोन रेषा समांतर ठेवायच्या असे एकदा सांगितले की संगणक ते पाळत असे. गंमत म्हणजे त्यांच्या उदाहरणांत पुलाचा ट्रसही (त्रिकोणी सांगाडा) होता. मात्र तिथल्या अटी एकत्र सोडवल्या जात. कोण कोणावर अवलंबून, हा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आला यंत्रांचे भाग रेखाटण्याच्या सॉफ्टवेअरमधून. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या प्रो-इंजिनिअरने भाग क्रमाने घडवायला लावले: आधीचा भाग बदलला की पुढचा बदलतो, उलट नाही. ही एकेरी वाट आजही बहुतेक ठिकाणी टिकून आहे. खांबाने गर्डरला आणि गर्डरने खांबाला विचारायला सुरुवात केली, तर मॉडेल गोल फिरत बसते.

पण यंत्राला रस्ता नसतो. वळणे, चढउतार आणि आडवा उतार यांचे गणित कोगोसारख्या, रस्त्याची भूमिती मांडणाऱ्या प्रोग्रॅमांतून स्वतंत्रपणे वाढत होते. तेही एमआयटीतच, चार्ल्स मिलर यांच्याकडे. पुलाला भागांची साखळी आणि रस्त्याचे गणित, दोन्ही लागतात. वळणावरच्या पुलात दोन गर्डरसुद्धा एकसारखे निघतीलच असे नाही, त्यामुळे इमारतींसाठी बनलेली साधने इथे बरीच अडखळली. माझ्या मते खरी सुटका ग्रासहॉपरने केली. 2007 च्या सुमारास आलेल्या या साधनात कोणता आकडा कुठून कुठे जातो, हे तारा जोडल्यासारखे पडद्यावर दिसू लागले. पुढे पुलांसाठीच्या खास सॉफ्टवेअरमध्ये अलाइनमेंट, म्हणजे रस्त्याची वळणे-चढउतार सांगणारी मध्यरेषा, हीच मूळ कडी ठरली. गाळे, छेद आणि खांब तिच्यावर टांगलेले.

2024 मध्ये आयएफसीची, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल नेण्यासाठीच्या सामायिक फाइल-स्वरूपाची, 4.3 आवृत्ती आयएसओ (आंतरराष्ट्रीय) मानक झाली आणि पूल व अलाइनमेंट तिच्यात रीतसर आले. मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेले की आकार आणि माहिती पोहोचते. जोडणारी सूत्रे मात्र बहुतेकदा मागेच राहतात.