मेले की मारले? एकसारखे दिसणारे दोन सिनेमे

‘द प्रॉमिस’ आणि ‘द ऑटोमन लेफ्टनंट’ या दोन सिनेमांत गल्लत होणं अगदी साहजिक आहे. दोन्ही २०१७ साली अमेरिकेत सहा आठवड्यांच्या अंतराने लागले. दोन्हींत पहिल्या महायुद्धातला ऑटोमन मुलूख (आजचा तुर्कस्तान ज्यातून उरला ते साम्राज्य), एक तरुणी, तिच्यावर जीव जडलेले दोन पुरुष आणि त्यांतला एक अमेरिकन. तिथल्या अल्पसंख्य ख्रिस्ती आर्मेनियन लोकांची वाताहत दोन्हींत दिसते. ट्रेलर पाठोपाठ पाहिले तर कुठलं दृश्य कुठल्या सिनेमातलं हे दुसऱ्या दिवशी सांगता येणार नाही.

फरक ओळखायला शाळेतलं व्याकरण पुरतं. ‘लोक मेले’ हे वाक्य अकर्मक. ‘लोकांना मारलं’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी? १९१५ पासून ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोकांची जी कत्तल झाली, तिच्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. काही अंदाज पंधरा लाखांपर्यंत जातात. माणसं मेली हे तुर्की सरकारही नाकारत नाही. ते नाकारतं तो कर्ता आणि त्याचा हेतू. युद्ध होतं, उपासमार होती, रोगराई होती, दोन्हीकडची माणसं गेली, असं ते म्हणतं. आपल्याकडे नरसंहार (माणसांची कत्तल) आणि वंशसंहार (एक वंशच ठरवून संपवणं) हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. इथे सगळं भांडण त्या दोन शब्दांमधल्या फटीतच आहे.

‘लेफ्टनंट’ घडतो आजच्या पूर्व तुर्कस्तानातल्या व्हान शहरात, अमेरिकन मिशनच्या इस्पितळात. ही निवड फार बोलकी आहे. नाकारणाऱ्यांच्या कथेत व्हान म्हणजे मूळ कारण: आर्मेनियन लोकांनी शत्रू रशियाशी संधान बांधून बंड केलं, म्हणून त्यांना ‘हलवावं’, म्हणजे हद्दपार करावं, लागलं. एप्रिल १९१५ मध्ये तिथले आर्मेनियन बंदुका घेऊन उभे राहिले हे खरंच आहे. पण त्याआधी फेब्रुवारीतच सैन्यातल्या आर्मेनियन शिपायांची हत्यारं काढून त्यांना हमालीच्या पलटणींत टाकलं होतं. व्हानचा गव्हर्नर जेव्देत बे याने त्यांच्या पुढाऱ्यांना मारलं होतं, आसपासच्या गावांत कापाकापी चालू होती. मिशनचे खरे डॉक्टर क्लॅरेन्स अशर यांनी हे सगळं १९१७ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. म्हणजे सिनेमाच्या नायिकेला भेटायला हवा होता तो साक्षीदार त्याच इस्पितळात होता! सिनेमात मात्र सैनिक गावकऱ्यांवर तुटून पडतात ते वाट चुकल्यासारखे, आणि देखणा लेफ्टनंट इस्माईल त्यांना अडवतो. दोष बेशिस्त शिपायांवर जातो. हुकूम देणारा पडद्यावर येतच नाही.

चांगला तुर्क ‘प्रॉमिस’मध्येही आहे, आणि माझ्या मते दोन्ही सिनेमे शेजारी ठेवून बघण्याची खरी जागा हीच. तिथला एमरे अमेरिकन वार्ताहराला वाचवायला अमेरिकन वकिलातीपर्यंत खबर पोचवतो आणि आपल्याच सैन्याच्या गोळ्या खातो. त्याच्या चांगुलपणाला शिक्षा मिळते, म्हणूनच वरून हुकूम होता हे कळतं. इस्माईलचा चांगुलपणा उलट वरच्यांनाच झाकतो. इतिहास एमरेच्या बाजूचा आहे. अलेप्पोचे गव्हर्नर जलाल बे यांनी हद्दपारीला विरोध केला तर त्यांची कोन्याला बदली झाली. तिथे तेच केलं तर तिथूनही उचलबांगडी. लिजे तालुक्याचे अधिकारी हुसेन नेसिमी यांना तर ठारच मारलं.

पैसा कोणाचा, हेही सांगायला हवं. ‘लेफ्टनंट’मागे तुर्की निर्माते होते. ‘प्रॉमिस’चे सुमारे नऊ कोटी डॉलर आर्मेनियन आईबापांच्या पोटी जन्मलेले अमेरिकन अब्जाधीश कर्क कर्कोरियन यांच्याकडून आले. गंमत अशी, की १९३०च्या दशकात हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने मुसा दाग डोंगरावरच्या आर्मेनियन प्रतिकारावर सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा तुर्की वकिलातीने अमेरिकन परराष्ट्र खात्यामार्फत दडपण आणलं आणि तो बारगळला. पुढे कर्कोरियन याच एमजीएमचे मालक झाले, एकदा नव्हे तीनदा. तरी त्यांच्या पैशातून तो डोंगर पडद्यावर आला तो ‘प्रॉमिस’च्या शेवटी, आणि तोवर कर्कोरियन वारले होते.

२०१६ साली टोरांटो महोत्सवात ‘प्रॉमिस’चे मोजके खेळ झाले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आयएमडीबी या सिनेमांना दहापैकी तारे देण्याच्या संकेतस्थळावर ८६ हजारांच्या आसपास मतं पडली, त्यांतल्या ५५ हजारांहून जास्त लोकांनी एकच तारा दिलेला. एवढी माणसं त्या थिएटरांत मावलीच नसती. दहा तारे देणारेही तीस हजार होते म्हणा, त्यांनी तरी कुठे पाहिला होता!

खरं सांगायचं तर ‘प्रॉमिस’ही काही थोर सिनेमा नाही. प्रेमाचा त्रिकोण मध्येमध्ये इतका लुडबुडतो की हद्दपारीच्या वाटेवरही कोण कोणाचा हात धरतंय याचीच चिंता. वंशसंहार नाकारणं कसं चालतं हे बघायचं असेल तर अ‍ॅटम इगोयान यांचा २००२चा ‘आरारात’ काढा. त्यातही व्हान आहे, अशर आहेत, पण सिनेमातल्या सिनेमात. जेव्देत बे रंगवणारा नट स्वतः अर्धा तुर्क. शूटिंगनंतर आर्मेनियन वंशाचा पोरगा त्याला घरी सोडायला जातो आणि विषय काढतो. नट चिडत नाही, आरडाओरडा करत नाही. आपण दोघे इथे कॅनडातच जन्मलो, हा नवा देश आहे, सोड ना तो इतिहास, असं म्हणतो आणि शॅम्पेनची बाटली पुढे करतो.