महामारीत धंद्याचं जुळवून घेणं (कोल्हापूर)

महामारी आली की गिऱ्हाईक घराबाहेर पडत नाही, माल येत नाही, कामगार गावाकडं जातो, आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला हजर होतो. या चार गोष्टी एकदम अंगावर आल्यावर शटर उघडं ठेवायला जे काय बदल करावे लागतात ते म्हणजे धंद्याचं जुळवून घेणं. जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० ला कोरोनाला महामारी म्हटलं आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला, तेव्हापासून हा विषय प्रत्येक कट्ट्यावर चघळून झालाय. बहुतेक लोक याचा अर्थ 'ऑनलाइन जाणं' एवढाच धरतात, पण कोल्हापुरात बघितलं तर धंदा तरला तो हातातल्या रोकडीवर आणि माणसांच्या ओळखीवर, मोबाईलचं ॲप हे त्याच्या मागनं आलं.

सगळ्यात आधी गिऱ्हाइकाचं. किराणावाल्यांना फार काही शिकावं लागलं नाही, व्हॉट्सॲपवर यादी घ्यायची आणि पोरगं गाडीवरनं सामान टाकून यायचं, उधारीची वही होतीच. यूपीआय देशात २०१६ पासून होतं पण भाजीवाल्या मावशींच्या पाटीवर क्यूआर कोड लागला तो या काळात, मार्च २०२० मध्ये देशात यूपीआयचे महिन्याला सव्वाशे कोटींच्या आसपास व्यवहार होत होते ते ऑक्टोबरात दोनशे कोटींच्या वर गेले.

हॉटेलवाल्यांचं अवघड होतं. ५ ऑक्टोबर २०२० पर्यंत राज्यात बसून खायला परवानगी नव्हती, फक्त पार्सल. आता मिसळ पार्सल होते, कट वेगळा, फरसाण वेगळं, ब्रेड वेगळा बांधून दिला की भागलं. पण तांबड्या-पांढऱ्याच्या ताटाचं सगळं गणित 'रस्सा वाढा अजून' यावर असतंय, ते पिशवीत कसं बांधणार? मग काहींनी रस्सा मापात देऊन दर कमी केला, काहींनी ताट सोडून नुसतं मटण-रस्सा किलोवर विकायला काढलं, आणि ज्यांचं भाडं लई होतं त्यांनी गाळाच सोडला.

अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या धंद्याला तर घरपोचचा काही उपयोगच नव्हता. ओटीचं सामान, वेणी, पेढे, हे देवळात जाणारा माणूस घेतो, देऊळच बंद तर घरी पोचवून करायचं काय. राज्यातली देवळं १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये परत बंद झाली ती ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला उघडली. जोतिबाची चैत्र यात्रा सलग दोन वर्षं भरली नाही. महाद्वार रोडवरच्या छोट्या विक्रेत्यांपुढं या काळात धंदा बदलणं हाच रस्ता उरला, मास्क, सॅनिटायझर, फळं, जे खपेल ते. फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० ला पीएम स्वनिधी योजना आली, तेव्हा पहिलं कर्ज १० हजाराचं, रक्कम छोटी पण गाडा परत उभा करायला उपयोगाची.

चपलेचं मात्र थोडं वेगळं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. पर्यटक येईना म्हटल्यावर बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला पाऊल कागदावर ठेवून पेनानं आखायला सांगायचं, त्याचा फोटो मागवायचा आणि जोड कुरिअर करायचा, हा मार्ग उरला. टिकाऊ माल असल्यानं हे जमलं, वेणीवाल्याला जमणार नव्हतं.

कारखानदारीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या फौंड्र्या (ओतकामाचे कारखाने) प्रामुख्यानं गाड्यांचे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग करतात, आणि मोल्डिंग-फेटलिंगला (साचे करणं आणि ओतीव भाग घासून साफ करणं) बिहार, यूपी, ओडिशाचे कामगार असतात. भट्टी बंद असली तरी वीजबिलातला स्थिर आकार चालूच, तो तीन बिलांपुरता पुढं ढकलला होता, माफ नव्हता. ज्यांनी कामगारांना शेडमध्येच राहायला जागा आणि रेशन दिलं त्यांना परत चालू करताना माणसं शोधत फिरावं लागलं नाही. दुसरं म्हणजे ट्रक-बसची मागणी झोपली होती पण शेती बंद नव्हती, ट्रॅक्टरची मागणी २०२० च्या उत्तरार्धात जोरात उठली, त्यामुळं ट्रॅक्टरचं काम हातात असलेले आधी सावरले. एकाच कंपनीच्या जॉबवर्कवर जगणाऱ्याला जुळवून घ्यायला जागाच नसते. दुसऱ्या लाटेत २२ एप्रिल २०२१ पासून बहुतेक उद्योगांचा ऑक्सिजन बंद करून दवाखान्यांना वळवला (ते बरोबरच होतं), तेव्हा ऑर्डर हातात असूनसुद्धा फॅब्रिकेशनवाल्यांची गॅस कटिंगची कामं अडली, कारण ती ऑक्सिजनवरच चालतात.

पैशाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज झाला. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० हप्त्याला सवलत दिली, ती म्हणजे माफी असं लई लोकांनी धरलं, व्याज मात्र चढतच होतं. नंतर २ कोटीपर्यंतच्या कर्जावर व्याजावरचं व्याज सरकारनं भरलं तेवढंच. मे २०२० च्या सरकारी कर्ज हमी योजनेत २९ फेब्रुवारीच्या बाकीच्या २० टक्के जादा कर्ज विनातारण मिळत होतं, पण ज्याचं आधीपासून खातं नीट चालू होतं त्यालाच, सगळा व्यवहार रोखीत करणाऱ्याच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. येणं वसूल करायला २००६ चा कायदा आहेच, छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज. पण वर्षभर काम देणाऱ्या पार्टीवर तक्रार कोण करतंय! प्रत्यक्षात फोन करून 'निम्मं तरी सोडा' म्हणायचं, एवढंच हातात राहतं.

कोल्हापूरची अजून एक गोष्ट अशी की इथं महामारी एकटी आली नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात माल भिजला, त्यातनं उठतोय तोवर लॉकडाऊन. जून २०२१ मध्ये राज्य पाच स्तरांत उघडायला लागलं तेव्हा जिल्हा चौथ्या, म्हणजे कडक निर्बंधांच्या स्तरात अडकला, व्यापारी वैतागले, जुलैत कुठं शटर वर जायला लागली तर पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पार शाहूपुरीत शिरली आणि शिरोलीजवळ हायवे बंद. म्हणून इथल्या दुकानदाराला जुळवून घेणं म्हणजे काय विचारलं तर तो आधी पोटमाळा दाखवतो, माल वर चढवायला केलेला, आणि मग गल्ल्यापाशी चिकटवलेला क्यूआर कोड.