ब्रिटनमध्ये रानफुलांच्या नोंदी करायच्या आहेत? पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

गेल्या उन्हाळ्यात आई इंग्लंडला आली होती. स्लाऊमधल्या आमच्या घरामागच्या गल्लीत, कुंपणाच्या कडेला तिने चाकवत ओळखला आणि विचारलं, ‘हा इथे कुणी खात नाही का?’ इथे त्याला फॅट-हेन म्हणतात आणि तण समजून उपटून टाकतात. खात नाहीत, पण लिहून मात्र ठेवतात. कुठल्या चौरसात, कुठल्या तारखेला, कुणी पाहिला, हे सगळं. आणि हे काम पगारी सरकारी माणसं करत नाहीत, हौशी स्वयंसेवक करतात.

तेव्हापासून ओळखीतल्या तीन-चार जणांनी विचारलं, ‘आम्हाला करता येईल का? फॉर्म कुठे मिळतो? व्हिसाची अडचण येईल का?’ म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितो आहे.

काम कोण चालवतं

बोटॅनिकल सोसायटी ऑफ ब्रिटन अँड आयर्लंड, म्हणजे बीएसबीआय, ही मुख्य संस्था. तिची मुळं 1836 सालच्या लंडनमधल्या वनस्पती मंडळापर्यंत जातात. प्रत्येक काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याला, संस्थेचे एक किंवा दोन रेकॉर्डर, म्हणजे नोंदी तपासणारे जाणकार, असतात. तेही बिनपगारीच. तुमची नोंद आधी त्यांच्या नजरेखालून जाते आणि मग राष्ट्रीय डेटाबेसमध्ये शिरते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘प्लँट अॅटलास 2020’ हा वनस्पतींचा नकाशासंग्रह याच वाटेने आलेल्या सुमारे 3 कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात 3,445 जाती आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त मूळच्या इथल्या नाहीत, बाहेरून आलेल्या आहेत. आपल्यासारख्याच, असं म्हणायचा मोह होतो.

पात्रता

वयाची वरची अट नाही, पदवी लागत नाही, नागरिकत्व लागत नाही, सभासदत्वही लागत नाही. बीएसबीआयचं सभासदत्व वार्षिक वर्गणी भरून घेता येतं. त्याचा खरा फायदा म्हणजे काटेरी बेरीच्या झुडपांसारख्या किंवा डँडेलियनसारख्या डोकं फिरवणाऱ्या गटांसाठी तज्ज्ञांची मदत मिळते. पण पहिली दोन वर्षं त्यावाचून काही अडत नाही.

व्हिसाचं म्हणाल, तर नेहमीच्या फेरफटक्यात दिसलेली झाडं वहीत टिपणं हा छंद आहे. मात्र एखाद्या संस्थेसाठी ठरवून स्वयंसेवा करायची असेल तर नियम बघावे लागतात. भेटीच्या व्हिसावर आलेल्या आईवडलांना नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण 30 दिवसांपर्यंत आनुषंगिक स्वयंसेवा करता येते, पण येण्याचं मुख्य कारण तेच असता कामा नये. स्किल्ड वर्कर व्हिसावर स्वयंसेवेला परवानगी आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक बारीक मेख आहे. बंधनकारक वेळापत्रक असलेलं बिनपगारी काम आठवड्याच्या ठरलेल्या तासांत मोजलं जातं, मोकळी स्वयंसेवा मोजली जात नाही. शंका असेल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला आधी विचारा.

कागदपत्रं

आपल्याला सवय असते ती पासपोर्टची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो जोडायची. इथे त्यातलं काहीही मागत नाहीत. कागदपत्रं मागतात ती नोंदीची. प्रत्येक नोंदीसोबत चार गोष्टी हव्यातच: काय पाहिलं, कुठे पाहिलं, कधी पाहिलं, कुणी पाहिलं. एकही गळली तर नोंद अर्धवट राहते. यातली ‘काय’ आणि ‘कुठे’ ही दोन उत्तरं नवख्यांना नडतात.

‘कुठे’ याचं उत्तर म्हणजे पत्ता किंवा पोस्टकोड नव्हे, ग्रिड रेफरन्स. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेने सगळ्या ग्रेट ब्रिटनवर चौरसांची जाळी टाकलेली आहे. आधी दोन अक्षरं, मग आकडे. आकड्यांचा पहिला अर्धा भाग पूर्वेकडे किती हे सांगतो, दुसरा अर्धा उत्तरेकडे किती हे. एसयू 9780 हा स्लाऊ स्टेशनभोवतीचा एक किलोमीटरचा चौरस, त्याला मोनॅड म्हणतात. चारऐवजी सहा आकडे दिले तर 100 मीटरपर्यंत नेमकेपणा येतो, आठ दिले तर 10 मीटरपर्यंत. नेहमीच्या झाडाला मोनॅड पुरतो. दुर्मिळ काही सापडलं तर आठ आकडे द्या, म्हणजे दहा वर्षांनी दुसरा कुणी जाऊन तीच जागा शोधू शकेल. नोंदी घेणाऱ्यांच्या बोलण्यात टेट्रॅड आणि हेक्टॅडही येतात. टेट्रॅड म्हणजे दोन किलोमीटर बाजूचा चौरस, हेक्टॅड म्हणजे दहा किलोमीटर बाजूचा. आकडे मोबाइलच्या अॅपवर आपोआप येतात, पण पूर्व-उत्तर उलटे लिहिले की झाड थेट दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन उगवतं.

तुमची काउंटी कोणती? वाटते ती नव्हे

इथे मी स्वतः फसलो. पहिल्या यादीवर मी ‘बर्कशायर’ लिहिलं, कारण पत्रांवर तेच येतं आणि 1974 पासून स्लाऊ बर्कशायरमध्येच आहे. यादी परत आली, सोबत एका ओळीची सौम्य दुरुस्ती: स्लाऊ म्हणजे बकिंगहॅमशायर.

कारण असं, की वनस्पतींच्या नोंदींसाठी आजच्या प्रशासकीय सीमा वापरतच नाहीत. ह्युएट वॉटसन नावाच्या वनस्पतितज्ज्ञाने 1852 मध्ये ब्रिटनचे 112 भाग पाडले. मोठ्या काउंट्या तोडल्या आणि प्रत्येक भागाला क्रमांक दिला. त्यांना व्हाइस-काउंटी म्हणतात. केंटचे दोन भाग झाले, यॉर्कशायरचे पाच. पुढे सरकारने सीमा कितीही हलवल्या तरी ही वाटणी हलवायची नाही असं ठरलं, नाहीतर शंभर वर्षांपूर्वीची नोंद आजच्या नोंदीशी ताडून बघता येणार नाही. आपल्याकडे तालुका बदलला तरी म्हातारी माणसं गाव जुन्याच तालुक्याच्या नावाने सांगतात, तसंच काहीसं.

म्हणून थेम्सपलीकडचं विंडसर बर्कशायरमध्ये, क्रमांक 22. अलीकडचं ईटन आणि आमचं स्लाऊ बकिंगहॅमशायरमध्ये, क्रमांक 24. मिडलसेक्स काउंटी कौन्सिल 1965 मध्ये बरखास्त झालं, पण वनस्पतींच्या दप्तरात मिडलसेक्स 21 या क्रमांकावर अजून जिवंत आहे. हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो सगळी त्यातच. 1932 साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिलची वास्तूही त्यातच. गणेशोत्सवाला गेलात तर बाहेरच्या फुटपाथच्या फटींकडे जरा बघा, आपली अंबुशी लंडनच्या फरसबंदीत सापडते. पण पिवळ्या फुलांच्या तिच्या दोन-तीन बहिणी आहेत. ओळख पटवल्याशिवाय नाव लिहू नका.

प्रत्यक्ष प्रक्रिया

बीएसबीआयच्या संकेतस्थळावर प्रत्येक व्हाइस-काउंटीचं स्वतंत्र पान आहे. तिथे रेकॉर्डरशी संपर्क करायची सोय असते. एक छोटा ईमेल पाठवा: मी अमुक भागात राहतो, नवीन आहे, कुठल्या चौरसात नोंदी कमी आहेत? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. प्रसिद्ध टेकड्यांवर आणि ऑर्किडच्या कुरणांत सगळे जातात. औद्योगिक वसाहतीच्या मागचा चौरस रिकामा राहतो आणि रेकॉर्डरला नेमका तोच हवा असतो.

नोंद देण्याचे मार्ग तीन. पहिला म्हणजे छापील कार्ड. त्यावर जातींची संक्षिप्त लॅटिन नावं असतात, दिसलं की नावावर रेघ मारायची. पावसात मोबाइलपेक्षा हेच बरं पडतं. दुसरा, एक्सेलचा तक्ता: नाव, जागा, ग्रिड रेफरन्स, तारीख, नोंदवणारा, ओळखणारा, शेरा. तिसरा, आयरेकॉर्ड हे संकेतस्थळ आणि त्याचं अॅप. तिथे फोटो जोडता येतो आणि नवख्यांना तेच सोयीचं. नोंद तपासणाऱ्याला पटली तर स्वीकारली जाते, नाही पटली तर प्रश्न येतो. प्रश्न आला म्हणजे नापास झालात असं समजू नका. उत्तर द्या, पानाच्या मागच्या बाजूचा फोटो द्या. मिळत नसेल तर ‘खात्री नाही’ असं सरळ लिहा. खात्री नसताना ठोकून दिलेलं नाव पुढे डेटाबेसमधून काढताना फार त्रास होतो.

लावलेली झाडं नोंदवत नाहीत. बागेतला गुलाब नको. पण कुणी न पेरता भिंतीच्या बुंध्याशी उगवलेली कोथिंबीर किंवा टोमॅटो चालतो, शेऱ्यात ‘आपोआप उगवलेलं’ असं लिहायचं. आणि फक्त सुंदर फुलं लिहू नका. सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती संपूर्ण चौरसाची यादी, गवतासकट. एखादं झाड कुठे नाही, हेही त्यातूनच कळतं.

खर्च नाही. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग तेवढं घ्या.

परवानगी आणि कायदा

हा भाग मात्र वाचून सोडून देऊ नका. वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्ट 1981 प्रमाणे जमिनीचा मालक किंवा कब्जेदार यांच्या परवानगीशिवाय कुठलीही रानवनस्पती मुळासकट उपटणं गुन्हा आहे. अगदी तण असलं तरी. याच कायद्याच्या आठव्या परिशिष्टात नाव असलेल्या जातींचं तर फूलही तोडता येत नाही, लेडीज स्लिपर ऑर्किड त्यातलंच. सार्वजनिक पायवाटेवरून बघायला कुणाची परवानगी लागत नाही. वाट सोडून शेतात जायचं असेल तर इंग्लंडमध्ये मालकाला विचारावं लागतं. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्यामुळे जबाबदारीने फिरायची मोकळीक बरीच जास्त आहे. रेल्वेच्या रुळांकडे मात्र कुठेही फिरकू नका.

ओळखीसाठी नमुना हवाच असेल तर एखादं पान किंवा फांदीचा तुकडा घ्या, तोही झाड भरपूर असेल तेव्हाच. वीस रोपं असतील तर एक, हा जुना संकेत आहे. दुर्मिळ ऑर्किड दिसलं तर नेमकी जागा रेकॉर्डरला कळवा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. कंद खणून नेणारे अजूनही आहेत.

नोंदीसोबत तुमचं नाव कायमचं साठवलं जातं आणि ते इतरांना दिसू शकतं, हेही लक्षात ठेवा.

नेमून दिलेला चौरस हवा असेल तर

नॅशनल प्लँट मॉनिटरिंग स्कीम ही 2015 पासून चालू असलेली वेगळी योजना आहे. इथे खरंच नावनोंदणी करावी लागते. ऑनलाइन खातं उघडायचं, नकाशावरून एक किलोमीटरचा मोकळा चौरस मागायचा. त्यात साधारण पाच छोटे तुकडे आखायचे आणि वर्षातून दोनदा, वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, तिथेच जायचं. दरवर्षी तेच तुकडे, तीच पद्धत. पातळ्या तीन आहेत. सगळ्यात सोप्या पातळीवर दिलेल्या यादीतली मोजकी फुलंच शोधायची असतात. प्रशिक्षण फुकट आहे. मालकाची परवानगी तुम्हीच मिळवायची, आणि बहुतेकांचा उत्साह याच पायरीवर ओसरतो. दोनदा दार ठोठवायची तयारी ठेवा.

एवढी बांधिलकी नको असेल तर न्यू इयर प्लँट हंटपासून सुरुवात करा. 2012 पासून दरवर्षी एक जानेवारीच्या आसपास चार दिवस असतात. त्यातल्या एका दिवशी जास्तीत जास्त तीन तास चालायचं आणि फुललेली रानझाडं लिहायची. एकही फूल दिसलं नाही तरी ती रिकामी यादी घेतात. थंडीत फुलणाऱ्या जाती थोड्याच असल्यामुळे ओळखायलाही सोपं जातं.

ऑगस्टमध्ये नदीकाठी गेलात तर गुलाबी फुलांचा माणसाएवढा उंच तेरडा दिसेल. हिमालयन बाल्सम, आपल्या तेरड्याचा चुलतभाऊ, 1839 मध्ये शोभेसाठी आणला आणि आता काठच्या काठ व्यापून बसला आहे. बोंड हाताला लागताच फुटून बिया उडतात, तेही ओळखीचंच. त्याचीही नोंद करा, अशा आक्रमक जातींच्या नोंदी मुद्दाम हव्या असतात.

आईचा चाकवतही मी पाठवला. चाकवताच्या इथे अनेक जवळच्या जाती आहेत आणि त्या बियांवरून ओळखाव्या लागतात, म्हणून रेकॉर्डरने तो ‘गट’ असा शेरा देऊन स्वीकारला. तक्त्यात नोंदवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव आहे, ओळखणाऱ्याच्या रकान्यात तिचं.