कारिस्सीमी आणि लॅटिन ओरेटोरिओ

जाकोमो कारिस्सीमी (१६०५–१६७४) हा रोमचा, बरोक काळातला (युरोपात साधारण १६०० ते १७५०) संगीतकार. ओरेटोरिओ म्हणजे बहुतेक वेळा बायबलमधली एखादी गोष्ट गायक आणि वाद्यांनी सांगायची, पण वेशभूषा नाही, पडदा नाही, अभिनय नाही, जे काय कळायचं ते गाण्यातूनच. या प्रकाराला सुरुवातीला जो घाट मिळाला त्यात कारिस्सीमीचा वाटा सगळ्यात मोठा.

उगमाबद्दल मात्र बराच वाद आहे. ओरातोरिओ हे मुळात प्रार्थनेच्या खोलीचं नाव. रोममधे फिलिप नेरी या धर्मगुरूंभोवती जमणाऱ्या मंडळीला १५७५ मधे पोपची मान्यता मिळाली, त्यांच्याकडे प्रवचनाच्या आगेमागे 'लाउदा' म्हणजे साध्या चालीची भक्तिगीतं म्हटली जायची, आणि पुढे जागेचं नाव तिथल्या संगीताला चिकटलं. कधी चिकटलं यावर एकमत नाही. जुन्या ग्रंथांत एमिलिओ दे कावालिएरीच्या १६०० सालच्या 'आत्मा आणि देह' या रचनेला पहिला ओरेटोरिओ म्हणतात, आणि ती नेरींच्याच चर्चमधे झाली हेही खरं, पण ती वेशभूषेसह रंगमंचावर सादर झाली होती, त्यामुळे नंतरचे बरेच अभ्यासक तिला ऑपेराच्या जवळची मानतात आणि हे मत जास्त पटण्यासारखं आहे. रचनेसाठी हा शब्द वापरल्याचा सगळ्यात जुना दाखला साधारणपणे १६४० चा धरतात, तो पिएत्रो देल्ला वाल्ले याचा. हा तोच प्रवासी जो १६२३ मधे सुरतेला उतरून पुढे गोव्याला गेला आणि ज्याची पत्रं आपल्याकडचे इतिहास अभ्यासकही वाचतात!

नेरींच्या परंपरेत भाषा इटालियन होती. लॅटिनची धारा वेगळी, ती सान मार्चेल्लो चर्चजवळच्या क्रोचिफिस्सो बंधुसंघाची, तिथे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी उमराव मंडळी ऐकायला जमत. कारिस्सीमीने तिथेही संगीत दिलं, पण त्याची नोकरी रोममधल्याच, जेझुइट पाद्र्यांच्या 'जर्मन कॉलेजात', तिथल्या सांत'अपोल्लिनारे चर्चचा संगीतप्रमुख म्हणून, १६२९ पासून मरेपर्यंत. म्हणून 'जेफ्ते' हा त्याचा सगळ्यात प्रसिद्ध ओरेटोरिओ क्रोचिफिस्सोसाठीच रचला असं ठामपणे म्हणू नये.

'जेफ्ते' १६४८ च्या सुमाराचा धरतात. १६५० मधे आथानासिउस किर्शर या जेझुइट विद्वानाने आपल्या संगीतग्रंथात त्याची वाखाणणी केली, म्हणजे त्याच्या नंतरचा तर नक्कीच नाही. कथा बायबलमधल्या शास्ते ग्रंथाच्या ११ व्या अध्यायातली. इफ्ताह (लॅटिनमधे जेफ्ते) नवस बोलतो की अम्मोन्यांवर जय मिळाला तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन, आणि डफ वाजवत, नाचत सामोरी येते ती त्याची एकुलती एक मुलगी. निवेदकाला 'हिस्तोरिकुस' म्हणतात, पण हे काम एकाच गायकाकडे नसतं, कधी एक आवाज, कधी दोन, कधी अख्खा कोरस गोष्ट पुढे नेतो. विजयाचं उड्या मारणारं संगीत बापाच्या 'हेउ मिही' (हाय रे देवा) या उद्गारावर एकदम मोडतं. मग मुलगी डोंगरात जाऊन विलाप करते, तिच्या ओळीचा शेवटचा शब्द 'उलुलाते' (आक्रोश करा) दोन सोप्रानो (उंच पट्टीचे आवाज) प्रतिध्वनीसारखा परत म्हणतात, जणू डोंगरच रडतायत. बळी दिल्याचा प्रसंग येतच नाही, सहा आवाजांच्या 'प्लोराते फिली इस्राएल' (रडा, इस्राएलाच्या लेकरांनो) या कोरसवर सगळं थांबतं. अर्ध्या तासाहून कमी वेळाची रचना, साथीला ऑर्गनसारखं एखादं वाद्य पुरतं, आणि तरी ऐकल्यावर बराच वेळ काही बोलवत नाही.

हॅन्डेलने हाच कोरस आपल्या 'सॅमसन' (१७४३) या ओरेटोरिओमधे उचलला. फ्रान्सचा संगीतकार शार्पांतिए रोमला राहून गेला, त्याने स्वतः 'जेफ्ते'ची नक्कल उतरवली होती. कारिस्सीमीच्या हातची मूळ हस्तलिखितं आज नाहीत. कॉलेजातला त्याच्या रचनांचा संग्रह बाहेर जाऊ नये म्हणून पोपने मनाई केली होती तरी तो नंतर नष्ट झाला, जे हाती आहे ते इतरांच्या नकलांमधून. त्यामुळे त्याचे ओरेटोरिओ नक्की किती हेही ठरत नाही, 'योनास', 'बाल्ताझार' ही नावं यादीत नेहमी असतात, 'शलमोनाचा न्याय' मात्र कॅप्रिकॉर्नस या दुसऱ्या संगीतकाराच्या नावावरही सापडतो.